उजळणी आणि सात वाट्या

घरी पाहुणे आले की बालवाडीत जाणाऱ्या मुलाला पुढे बोलावून त्याच्याकडून उजळणी म्हणवून घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. साडेचार वर्षांचे मूल एका दमात पन्नासापर्यंत जाऊन पोहोचते आणि खाऊ पदरात पाडून घेते. थोड्या वेळाने आई त्यालाच सांगते, "सात वाट्या आण बरं." मूल स्वयंपाकघरात जाते, हाताला येतील तेवढ्या वाट्या उचलते आणि कधी पाच, तर कधी नऊ घेऊन येते. मंडळी हसतात. परंतु हा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संख्यांची नावे ओळीने म्हणता येणे आणि संख्या समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वाट्यांनी दाखवून दिलेले असते.

मोजणे ही क्रिया मोठ्यांना इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यात किती गोष्टी सामावल्या आहेत याची आठवण राहत नाही. प्रत्येक वस्तूला एकच नाव द्यावयाचे, एकही वस्तू वगळावयाची नाही, दोनदा मोजावयाची नाही, नावांचा क्रम बदलावयाचा नाही. आणि शेवटी उच्चारलेला शब्द हा केवळ शेवटच्या वस्तूचा नसून सगळ्या समूहाचा आहे, हे ओळखावयाचे. यांपैकी शेवटची पायरी सर्वांत अवघड. पाच चिंचोके नीट मोजणाऱ्या मुलाला लगेच "किती झाले?" असे विचारून पाहावे. पुष्कळ मुले उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागतात. त्यांच्या लेखी 'पाच' हे अजून त्या पाचव्या चिंचोक्याचेच नाव असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकांच्या संख्याकल्पनेचा विस्ताराने विचार केला. सारख्या संख्येच्या दोन ओळी समोरासमोर मांडून एक ओळ लांबविली, तर लहान मूल लांब ओळीत वस्तू अधिक आहेत असे सांगते, हे त्यांचे निरीक्षण सर्वपरिचित आहे. पुढे १९७४ साली एडिंबरा येथील मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन या अभ्यासकांनी तोच प्रयोग निराळ्या रीतीने केला. ओळ प्रयोगकर्त्याने न विस्कटता एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, असे भासविले. आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या पुष्कळ वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर बदलणे अपेक्षित असावे, असा तर्क मूल करीत असते. मुलाच्या चुकीत आपल्या प्रश्नाचाही वाटा असतो, हे शिक्षकांनी यावरून ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठी मुलाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, व तिचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. ती अडचण आहे आपल्या संख्यानामांची. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोन आधी लिहावयाचा आणि पाच नंतर. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल ५२ लिहिते आणि त्याच्या वहीवर लाल फुली पडते. वस्तुतः त्याने कानाशी इमान राखलेले असते! जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, तेव्हा ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. परंतु आपल्याकडे शब्दांची रूपेही पालटत जातात. पन्नास हा 'एक्कावन्न'मध्ये 'वन्न' होतो व 'त्रेपन्न'मध्ये 'पन्न'. सत्तराचा 'हत्तर' होतो. 'एकोणचाळीस' या शब्दात तर तीनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. ऐकू येतात ते चाळीस, आणि त्यांतून एक उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत पाळून भाषा नव्याण्णवला ती अचानक सोडून देते. अर्थात मुलाला शंभरापर्यंतची बहुतेक नावे एकेक करून पाठ करावी लागतात. आपल्या शेजारची कन्नड व तेलुगू मुले वीसनंतर दशक आधी आणि एकक नंतर बोलतात. त्यांचे बोलणे आणि लिहिणे एकाच दिशेने चालते.

ही अडचण ओळखून बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत प्रचलित नावांच्या जोडीने देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी, जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत, असे स्पष्ट केले. जोडाक्षरांनी भरलेली नावे लहान मुलांना जड जातात, हेही त्यांनी सांगितले. भाषेचे रूप बिघडेल ही विरोधकांची भीती प्रामाणिक होती. परंतु ज्या भाषेने पावकी, निमकी, सवायकी, दीडकी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली, ती वर्गातल्या वर्ष-दोन वर्षांच्या एका पायरीने मोडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मुले स्वतः तर या बाबतीत फारच उदार असतात. विटीदांडूच्या खेळात 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी दक्षिणी भाषांशी नाते सांगणारी मोजणी त्यांनी कोणाच्या आदेशावाचून चालू ठेवली होती.

प्रश्न आहे तो वेगळाच. संख्येची घडण ज्याला दिसली नाही, ते मूल दुसरीच्या अखेरपर्यंत पाठांतरावर तरून जाते आणि हातच्याची वजाबाकी आली की अडते. बावन्नमधून सव्वीस वजा करताना एका दशकाचे दहा सुटे करावयाचे असतात. 'बावन्न' हा त्याच्या लेखी अखंड दगड असेल, तर त्यातले दशक ते कोठून काढणार? येथूनच 'याला गणित येत नाही' हा शिक्का पडतो आणि तो पुसला जाणे कठीण असते. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास पायाभूत वाचन-लेखन व संख्याज्ञान यावे, या हेतूने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले, त्यामागे हीच चिंता आहे.

उपायास मोठा खर्च लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा परदेशी महाग साधनांच्या जागी परिसरातल्या साध्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. ती दृष्टी आजही उपयोगी पडणारी आहे. घरात तर गणिताचे साहित्य सर्वत्र पसरलेले असते. पानावर किती माणसे बसणार ते पाहून प्रत्येकासाठी एक ताट, एक वाटी मांडणे हा एकास एक संगतीचा उत्तम पाठ होय. भाकरीची अर्धी आणि चतकोर मुलाच्या हातानेच करवावी. अपूर्णांक हा शब्द त्यासाठी लागत नाही. दोन चिपटी ओतली की एक मापटे भरते, हे जुन्या मापांवर वाढलेल्या आजीला शिकवावे लागले नव्हते. आज मूल तेच पाव लिटर आणि अर्ध्या लिटरच्या पिशव्यांवरून पाहू शकते. सापशिडीत फाशावर पडलेल्या दानाइतकी घरे मोजताना मूल पुष्कळदा आपण उभे आहोत ते घरही मोजते. तेथे रागावू नये. पुढे पट्टीवर लांबी मोजताना हीच चूक होणार असते, ती येथे खेळता खेळता सुधारते.

आई-वडील निरक्षर असले तरी यांपैकी काही अडत नाही. आठवड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या मातेजवळ जे गणित आहे, ते शाळेने ओळखले पाहिजे. पालकसभेत तिला केवळ 'अभ्यास घ्या' असे सांगून परत पाठविणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

शाळेत कडब्याच्या वा तुरकाट्यांच्या काड्या सारख्या कापून घ्याव्यात. दहा झाल्या की जुडी बांधावयाची, उरलेल्या सुट्या ठेवावयाच्या. दोन जुड्या आणि पाच सुट्या समोर ठेवून मुलाने 'वीस आणि पाच, पंचवीस' असे म्हणावे व मग लिहावे. त्याच काड्यांतून पाच जुड्या आणि दोन सुट्या मांडल्या की २५ आणि ५२ यांतील अंतर त्याला ढिगावरूनच दिसते. 'छत्तीसचा आकडा' या वाक्प्रचारातील पाठ फिरविलेले ३ आणि ६ जागा बदलून ६३ मध्ये समोरासमोर कसे येतात, ही गंमतही मुलांना आवडते. नव्याण्णव काड्यांत आणखी एक पडली की सुट्यांची जुडी होते, जुड्याही दहा होतात आणि त्यांचा भारा बांधावा लागतो. हा भारा मुलांना स्वतः बांधू द्यावा. दोरी सुटते, काड्या पसरतात, पुन्हा मोजाव्या लागतात. एक तासिका त्यात सहज जाते, आणि ती जाऊ द्यावी.