एक एकर ऊस आणि एक पंखा
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

'ई-२०' म्हणजे काय हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. २००३ साली ९ राज्यांत ५ टक्क्यांपासून ही योजना सुरू झाली. जून २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. आपल्या हॉस्टेलवर यावरून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "शेतकरी आता ऊर्जादाता झाला!" दुसरा म्हणतो, "गाडीचं ॲव्हरेज पडलं राव!" पण कागद-पेन घेऊन हिशेब करायला कुणी बसत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मी लातूर जिल्ह्यातला. घरी दोन एकर ऊस आहे, त्यामुळे पहिल्या पक्षाचं म्हणणं मला चांगलंच कळतं. साखरेचे भाव पडले की कारखान्याकडे पैसा नसतो आणि आमचं उसाचं बिल रखडतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर मिळतात, साखर गोदामात पडून राहत नाही, आणि तेवढं खनिज तेल परदेशातून आणावं लागत नाही. हे फायदे खरे आहेत.

पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, तेही आमच्याच लातूरला. म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

हिशेब पहिला : पाणी

एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. पाटाने पाणी दिलेल्या उसाला सुमारे २,००० मि.मी. पाणी धरू. म्हणजे एकरी ८,००० घनमीटर, अर्थात ८० लाख लिटर. उतारा ४० टन धरला आणि सगळा रस इथेनॉलला गेला, तर टनाला ७० लिटरप्रमाणे २,८०० लिटर इथेनॉल मिळतं. भागाकार करा : एका लिटरमागे सुमारे २,८५० लिटर पाणी! नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जवळपास हाच आकडा आहे.

आता आपली बाइक घ्या. वर्षाला ३,००० कि.मी. आणि ॲव्हरेज ५०, म्हणजे ६० लिटर इंधन. त्यात १२ लिटर इथेनॉल. पाणी झालं ३४ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. हे फक्त २० टक्क्यांचं! शिवाय लिटरला पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये २१. ॲव्हरेजची तक्रार इथून येते.

ठिबक केलं तर पाणी बरंच वाचतं, हे मान्य. मळीपासून केलेल्या इथेनॉलवर सगळं पाणी टाकणंही अन्यायाचं, कारण त्याच उसातून साखरही निघते. पण पाऊस दगा देतो तेव्हा काय होतं? डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंधनं आणली. मक्याकडे वळलो, तर तोच मका कोंबड्यांनाही लागतो. "मग पडीक जमिनीत लावू," हा प्रयोगही झालेला आहे. जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, यावर भिस्त ठेवून २००३ मध्ये डिझेलसाठी मोठं स्वप्न पाहिलं गेलं. पण पाणी नाही, खत नाही, तर बीही नाही. झाड जगलं, उत्पन्न आलं नाही.

हिशेब दुसरा : पंखा

आपल्या खोलीतला जुना पंखा ७५ वॅटचा. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. वाचले ४५ वॅट. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट.

इलेक्ट्रिकलवाले लगेच म्हणतील, "वीज वाचवून पेट्रोल कसं वाचेल?" बरोबर आहे, सरळ नाही वाचत. पण इलेक्ट्रिक स्कूटरला किलोमीटरला ३५ वॅट-तास धरा. ३,००० कि.मी.ला १०५ युनिट लागतात. म्हणजे बाइकचा जो वर्षभराचा प्रवास वर मोजला, तो एका पंख्याच्या बचतीत पूर्ण होऊन वर ५७ युनिट उरतात. या बचतीला जमीन लागली नाही, पाणी लागलं नाही, कुणाच्या ताटातलं धान्यही नाही.

याचा अर्थ इथेनॉल बंद करा असा नाही. मळी, खराब झालेलं धान्य, शेतातलं पाचट यांपासून जेवढं होईल तेवढं जरूर करावं. पाणीपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरूही झाला. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे : आधी बचत, मग टाकाऊ मालापासून इंधन, आणि पाणी उरलं तरच खास इंधनासाठी पीक.

आपल्या हातात काय आहे?

१) मेसला जाताना पंखा-लाइट बंद. रूम पार्टनर करेल, असं म्हणून दोघंही निघून जातात!
२) १५ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला १,५०० वॅटच्या हीटरला सुमारे १८ मिनिटं पुरतात. हीटर लावून पुन्हा झोपू नका. वीज तर जातेच, जीवही जाऊ शकतो.
३) टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासा.
४) रेक्टर सरांना विनंती : पंखा जळाला की रिवाइंडिंग करून तोच लावण्याऐवजी बीएलडीसी पंखा घ्यावा. ८ रुपये युनिट धरलं तर वर्षाला सुमारे १,३०० रुपये वाचतात. नवा पंखा ३ हजारांना पडला तरी अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल.

आमच्या विंगचे पंखे मोजून तक्ता तयार ठेवला आहे. बाकीच्या विंगवाल्यांनीही आपापले मोजून दिले, तर ऑफिसला एकच अर्ज देता येईल.