चिंचेवरची वटवाघळं हाकलावीत का?

प्रश्न : आमच्या घरामागच्या चिंचेवर शेकडो वटवाघळं लटकतात. अंगणात घाण होते, शिवाय निपाह विषाणूची भीती. फटाके लावून हाकलली तर?

उत्तर : फटाके नकोत. भेदरलेला थवा शेजारच्या झाडावर बसेल, फार तर गावभर पांगेल. तुमचा प्रश्न तसाच राहील. ही मोठी फलाहारी वटवाघळं. कीटक खाणाऱ्या छोट्या जातींसारखी ती प्रतिध्वनीवर चालत नाहीत, तीक्ष्ण नजर आणि नाक हीच त्यांची साधनं. रात्रीत कित्येक किलोमीटर उडतात. वड-उंबराची फळं चावून रस घेतात, चोथा थुंकतात आणि बारीक बिया वाटेत विष्ठेतून टाकत जातात. मोहाच्या फुलांचं परागीभवनही करतात. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

निपाहची भीती अगदीच अनाठायी नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये 2020 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या खुणा सापडल्या होत्या. पण झाडाखालून नुसतं गेल्यानं त्याची लागण होत नाही. उष्टी फळं खाऊ नका, पाण्याची भांडी झाका, खाली पडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलू नका. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. वाळवण मात्र गच्चीवर हलवा, तेवढी तडजोड तुम्हालाच करावी लागेल!