कुंपणाचे खड्डे: कोणतं यंत्र विकत घ्यावं, कोणतं भाड्यानं आणावं

कुंपणाला किती खांब लागणार, हा हिशोब यंत्राच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी मांडायला हवा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. जमीन अगदी चौरस असेल तर घेर सुमारे 835 फूट भरतो आणि दर 8 फुटांवर एक खांब धरला तर 105 खड्डे होतात. पण वाटण्या होत होत आपल्याकडे शेतांच्या पट्ट्या झाल्या आहेत. तोच एकर 100 फूट रुंदीची पट्टी असेल तर घेर 1,070 फुटांवर जातो आणि खड्डे 134 होतात. पट्टी 50 फुटांचीच असेल तर घेर 1,840 फूट आणि खड्डे 230. क्षेत्र तेवढंच, काम दुपटीहून जास्त. म्हणून कोणी ‘एकरी इतका खर्च’ सांगितला तर तो आकडा बाजूला ठेवा. घेर टेपनं मोजा आणि सगळे भाव रनिंग फुटावर किंवा खड्ड्यावर मागा.

यंत्राची निवड दोन गोष्टींवर ठरते: खड्डे किती आणि जमीन कशी. जाहिरातीतले सीसी त्यानंतर पाहायचे. शेताच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये दोन ठिकाणी पहारीनं दोन फूट खोदून पाहा. अर्ध्या दिवसाच्या या कामातून कळतं, की खाली माती आहे, मुरूम आहे की दगड. पुढे दिलेल्या किमती अंदाजे आहेत आणि गाव, दुकान, कंपनी बदलली की त्या बदलतील. हिशोबाची रीत मात्र तीच राहते, आकडे आपापले घालावेत.

हातानं की यंत्रानं

पहार आणि कुदळ घेऊन एक माणूस मुरमाड जमिनीत दिवसाला दोन फुटी 10 ते 15 खड्डे काढतो. खड्ड्यामागे 40 ते 60 रुपये धरले तर 105 खड्ड्यांचे सरासरी 5,000 रुपये होतात. पेट्रोलवर चालणारं हातातलं खड्डे खोदायचं यंत्र, म्हणजे अर्थ ऑगर, भाड्यानं आणलं तर दिवसाचे 800 ते 1,000 रुपये पडतात. त्यात दोन माणसांची मजुरी 1,000, चार लिटर पेट्रोल आणि ऑइल मिळून 500. एवढ्यात शंभर-सव्वाशे खड्डे दिवसभरात होतात, म्हणजे सगळं मिळून 2,500 च्या आसपास. एका एकराला निम्मे पैसे वाचले आणि आठवड्याचं काम एका दिवसावर आलं. मजूर मिळण्याची ओढाताण ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यातला दुसरा फायदा पहिल्याहून मोठा वाटेल.

हेच यंत्र विकत घेतलं तर? 63 किंवा 68 सीसीचं यंत्र दोन बिटांसह, म्हणजे माती खोदणाऱ्या फिरत्या पात्यांसह, 12 ते 16 हजारांत येतं. नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रं याच्या कित्येक पट महाग आहेत. स्वतःच्या यंत्रानं खड्डा साधारण 14-15 रुपयांत पडतो, हातानं तोच 48 रुपयांत. खड्ड्यामागे 33 रुपये वाचतात असं धरलं तर 15,000 चं यंत्र फिटायला सुमारे 450 खड्डे काढावे लागतील. दोन एकरांचं कुंपण एकदाच करायचं असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही. पण त्याच शेतात पुढे आंबा, डाळिंब, संत्रा लावायचा असेल, वेलवर्गीय पिकांना मांडव घालायचा असेल, तर तेच यंत्र रोपांच्या खड्ड्यांनाही चालतं आणि 450 चा आकडा लवकर गाठला जातो. चार-पाच भावकीच्या घरांनी मिळून घेतलं तरी जमतं. फक्त दुरुस्तीचा खर्च कोण देणार, हे आधीच लिहून ठेवावं.

बिटाचा व्यास हीच खरी निवड

दुकानात इंजिनावर तासभर बोलणं होतं आणि बिट घाईत उचलला जातो. चूक इथे होते. सिमेंटचा चार बाय चार इंची खांब कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजला तर पावणेसहा इंचांच्या जवळ जातो. सहा इंची बिटाच्या खड्ड्यात तो कसाबसा उतरतो, पण भोवती मुरूम ठोकायला किंवा काँक्रीट ओतायला जागा उरत नाही आणि असा खांब पहिल्याच पावसाळ्यात डोलू लागतो. त्याला 8 इंची बिट हवा. पाच बाय पाच इंची खांबाला 10 इंची. लोखंडी अँगलचा खांब असेल तर 6 इंच पुरतात.

बिट जितका रुंद, तितका इंजिनावर भार जास्त. 52 सीसीचं स्वस्त यंत्र मऊ मातीत 8 इंची बिट फिरवतं, मुरमात मात्र दमतं. त्याला 12 इंची बिट लावून देणारा दुकानदार तुमचं नुकसान करतो आहे. 8 इंची बिटानं नियमित काम करायचं असेल तर 63 सीसीच्या खाली जाऊ नये. ब्रश कटरच्या इंजिनाला बिट जोडून ‘एकात चार यंत्रं’ म्हणून विकतात, ती तण काढायला ठीक आहेत, कुंपणाच्या खड्ड्यांना नाहीत.

आणखी तीन गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. बिटाच्या टोकाचे दात बदलता येतात का आणि ते सुटे मिळतात का? मुरमात दातच आधी झिजतात. शाफ्टची जाडी नेहमीच्या मापाची आहे का? तसं असेल तर पुढे दुसरीकडचाही बिट बसतो. आणि क्लच, कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावात मिळते का? ऑनलाइन 2,000 रुपये स्वस्त मिळालेलं यंत्र ऐन कामात बंद पडलं की त्या बचतीचा काही उपयोग राहत नाही. पक्कं बिल घ्यावं, त्याशिवाय वॉरंटीला आधार नसतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बऱ्याच स्वस्त यंत्रांना एका लिटरला 40 मिली लागतं, काहींना 20 मिली. प्रमाण यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतं आणि तेच पाळावं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो, मग नव्या यंत्राच्या निम्मी रक्कम दुरुस्तीला जाते. भाड्याचं यंत्र आणताना मिश्रणाचं प्रमाण मालकाकडून लिहून घ्यावं, म्हणजे नंतर वाद होत नाही.

जमीन आणि वेळ

कोरडी काळी जमीन बिटाला दाद देत नाही आणि चिखल झालेली जमीन बिटाला चिकटून बसते. पेरणीला जसा वाफसा पाहतो तसाच खड्ड्यांनाही पाहावा. पावसाळा सरल्यावर, शेतात पाय रुतत नाही आणि ढेकूळ हातानं फुटतं अशा दिवसांत यंत्र निम्म्या त्रासात काम करतं. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर आदल्या संध्याकाळी खुणेच्या जागी बादलीभर पाणी ओतून ठेवावं. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिथे दोन फूट पुरत नाहीत. अडीच फूट जावं लागतं आणि कोपऱ्याचे खांब तर आणखी खोल.

यंत्र चालवताना पूर्ण वेग देऊन बिट एकदम खाली दाबू नये. चार-सहा इंच गेलं की वर उचलून माती झाडावी. दाबत राहिलं तर बिट स्क्रूसारखा रुतून बसतो. मग इंजिन बंद करून पान्ह्यानं उलटा फिरवूनच तो निघतो. मूळ किंवा दगड लागला की हँडल झटका देतं आणि मनगट, खांदा किंवा बरगडी दुखावते. म्हणून मुरमाड जमिनीत दोघांनी धरायचं हँडल असलेलंच यंत्र घ्यावं आणि बूट घातल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नये.

ट्रॅक्टरचा डिगर

खड्डे 300 च्या पुढे असतील आणि बांधालगत ट्रॅक्टर चालू शकत असेल, तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा पोस्ट होल डिगर सगळ्यात सोयीचा पडतो. 35 एचपी आणि पुढचे ट्रॅक्टर 9 ते 12 इंची बिट आरामात फिरवतात. डिगर विकत घ्यायचा तर 70 हजारांपासून लाखाच्या पुढे जातो, पण एका शेतकऱ्यानं तो घ्यायची गरज क्वचितच असते. गावातली अवजारे बँक, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा भाड्यानं काम करणारा ट्रॅक्टरवाला पाहावा. भाव तासाचा न ठरवता खड्ड्याचा ठरवावा, 25 ते 40 रुपयांच्या दरम्यान. खोली किती, हे त्याच बोलण्यात पक्कं करावं आणि खड्डे काठीनं मोजून घ्यावेत.

विकत घ्यायचाच असेल तर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. साधारण शेतकऱ्याला 40 टक्के, तर अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, ठरवलेल्या कमाल रकमेच्या आत अनुदान मिळतं. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर मात्र अनुदान मिळत नाही.

फिरत्या पीटीओ शाफ्टजवळ उपरणं, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही यांपैकी काहीही असू नये. शाफ्टवरचं झाकण काढलेला ट्रॅक्टर कामाला लावूच नये, भाव कितीही कमी सांगितला तरी.

जेसीबीनं खड्डे काढण्याचा मोह टाळावा. बकेटनं दोन फूट रुंद खड्डा होतो, भोवतीची माती सैल होते आणि तो भरायला लागणारं काँक्रीट जेसीबीच्या तासाहून महाग पडतं. 8-9 इंची खड्डा दोन फूट भरायला 1:3:6 च्या काँक्रीटमध्ये सिमेंटची एक गोणी निदान सात-आठ खांबांना पुरते. दोन फूट रुंद खड्ड्यात ती एका खांबालाही पुरत नाही.

कातळावर

सह्याद्रीचा काळा दगड वर आलेला असेल किंवा कोकणातला जांभ्याचा सडा असेल, तर ऑगर आणूच नये. इथे दोन मार्ग आहेत. पहिला, इलेक्ट्रिक ब्रेकर, म्हणजे डिमॉलिशन हॅमर, भाड्यानं आणणं. दिवसाचे 500 ते 800, आणि वीज नसेल तर तीन केव्हीएच्या जनरेटरचं भाडं वेगळं. त्यानं खड्डा होतो, पण सावकाश.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. दगड फोडायचाच नाही. 26 मिमीपर्यंतचा रोटरी हॅमर 5 ते 7 हजारांत मिळतो. त्यानं दगडात 20 मिमीचं आठ-दहा इंच खोल छिद्र पाडायचं, धूळ फुंकून काढायची, 16 मिमीची सळई सिमेंटच्या पातळ घोळात बसवायची आणि चार दिवसांनी तिला लोखंडी अँगल वेल्ड करायचा. दगड घट्ट, न भेगाळलेला असेल तर हा खांब हलत नाही. वेल्डिंगच्या जागी गॅल्व्हनायझिंगचा थर आधी घासून काढावा, त्याच्या धुरानं ताप भरतो. नंतर त्या जागेला झिंकचा रंग लावावा.

बाकीची हत्यारं

चार इंची ग्राइंडर मात्र विकतच घ्यावा. 2,500 ते 3,500 रुपयांत येतो, अँगल कापायला, जुनी तार तोडायला लागतो आणि घरात वर्षभर वापरला जातो. गार्ड काढून तो वापरू नये, चष्मा लावावा. वाळल्या गवतात ठिणगी पडते, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवावी. शेतात वीज वेळेवर नसते म्हणून बॅटरीचा ग्राइंडर घेणारे वाढले आहेत. बॅटरी-चार्जरसह 7 ते 12 हजार पडतात. तो घेतला तर पुढचं ड्रिलही त्याच कंपनीचं आणि त्याच व्होल्टचं घ्यावं, म्हणजे बॅटरी दोन्हीला चालते.

तार बांधायला बॅटरीवरचं टायिंग मशीन मिळतं, पण ते बांधकामावरच्या हजारो गाठींसाठी आहे. सळई बांधणाऱ्यांचा आकडा 100 रुपयांच्या आत मिळतो आणि कुंपणाला तोच पुरतो. तार ताणायलाही इंजिन नको. 500 ते 1,000 रुपयांचा दातेरी वायर पुलर घ्यावा. काटेरी तार ट्रॅक्टरला बांधून ओढण्याची रीत अनेक गावांत आहे आणि ती थांबायला हवी. तार तुटली तर ती उलटून डोळ्यावर, गळ्यावर येते. शिवाय ट्रॅक्टरचा जोर कळत नाही, कोपऱ्याचा खांबच वाकतो. कोपऱ्याच्या खांबाला आणि सरळ रेषेत दर आठ-दहा खांबांनंतर एकाला तिरका टेका द्यावा आणि हे खांब काँक्रीटमध्येच बसवावेत.

वाचलेल्या पैशांतून 1,000 रुपये बाजूला काढून आधी हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, तिची फी वेगळी. खांब एकदा काँक्रीटमध्ये बसला की सरकवणं महाग असतं. पाइपलाइन आणि मोटारीची केबल कुठून जाते, तिथे चुना टाकून ठेवावा. 8 इंची बिट पीव्हीसीचा पाइप कळायच्या आत कापतो.

जंगलालगतच्या शेतात रानडुकरांसाठी सौर झटका कुंपण करायचं असेल तर हत्यारांचा खर्च निम्म्यावर येतो, कारण खांब दूर आणि हलके लागतात. पण तारेखालचं गवत कायम काढावं लागतं, म्हणून तिथे 8 ते 15 हजारांचा ब्रश कटर घ्यावा. कुंपणाला प्रमाणित झटका यंत्रच हवं, जे क्षणभराचे ठोके देतं. घरच्या किंवा पंपाच्या लाइनचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं दरवर्षी माणसं मरतात, बहुतेक वेळा रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी किंवा घरचाच कोणी. झटका यंत्र 6 ते 12 हजारांत मिळतं. जनवन विकास योजनेतून त्यासाठी अनुदानही आहे, चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.