ग्लिसरीनपासून सोलकेटल : घन आम्ल वापरताना

बायोडिझेल बनवताना तेलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं ग्लिसरीन तळाशी साचतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात त्याचं काही करायचं असेल, तर अॅसिटोनशी संयोग घडवून सोलकेटल बनवा. ते द्रावक म्हणून चालतं, इंधनात मिसळता येतं आणि तापमानही फार लागत नाही. अॅक्रोलीनच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. ते अतिशय विषारी आहे आणि त्यासाठी भट्टी ३०० अंशांच्या आसपास न्यावी लागते.

उत्प्रेरक म्हणून अँबरलिस्ट-१५ घ्या. पॉलिस्टायरीनच्या या मण्यांना सल्फोनिक आम्लाचे गट पक्के जोडलेले असतात, त्यामुळे काम झालं की नुसतं गाळायचं. १२० अंशांच्या वर मात्र ते टिकत नाहीत.

खरी मेहनत ग्लिसरीन शुद्ध करण्यात आहे. कच्च्या मालात मिथेनॉल, साबण आणि सोडियमचे क्षार असतात. सोडियम मण्यांवरच्या हायड्रोजन आयनांची जागा घेतो आणि आम्लता संपते. म्हणून आधी आम्ल घालून साबण फोडा, वर आलेली मेदाम्लं काढा, मिथेनॉल उडवा, मीठ गाळा. विरघळलेलं मीठ तरीही उरतंच. निर्वात ऊर्ध्वपातन केलंत तर उत्तम. तुलनेसाठी पहिला प्रयोग विकतच्या शुद्ध ग्लिसरीनवर करा.

मण्यांची आम्लता आधी मोजून ठेवा. ०.२ ग्रॅम कोरडे मणी मिठाच्या संपृक्त पाण्यात तासभर ढवळा, गाळा आणि गाळलेलं पाणी ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. नव्या मण्यांची क्षमता ग्रॅमला ४.७ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे ब्युरेटमधून सुमारे ९.४ मिली जायला हवं. फिका गुलाबी रंग पाच मिलीच्या आतबाहेरच आला, तर निम्मी ताकद गेलेली आहे.

आता ४६ ग्रॅम ग्लिसरीन, १७४ ग्रॅम अॅसिटोन आणि सव्वादोन ग्रॅम मणी फ्लास्कमध्ये घ्या, कंडेन्सर लावा, तापमान ५० अंश ठेवा. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतो आणि चटकन पेट घेतो, तेव्हा जवळपास ज्योत नको. तो सहापट मोल घेण्याचं कारण असं, की सोलकेटलबरोबर पाणीही तयार होतं आणि ते अभिक्रिया उलटी फिरवू पाहतं. सुरुवातीला दोन थर दिसतील. सोलकेटल वाढत जाईल तसे ते एकजीव होतात. तळाशी फिरणारा चुंबक मणी भरडून टाकतो, म्हणून वरून लटकणारा ढवळक वापरा.

अभिक्रिया अर्ध्यावर असतानाच थोडा द्रव गरम गरम गाळून वेगळा ठेवा. मण्यांविनाही त्यात सोलकेटल वाढत राहिलं, तर आम्ल सुटून द्रवात आलं आहे. असा द्रव ऊर्ध्वपातनाआधी उदासीन करून घ्या, नाहीतर अॅसिटोन उडताना सोलकेटल पुन्हा फुटतं.

पहिल्या फेरीच्या उताऱ्यावर भाळू नका. तेच मणी मिथेनॉलने धुऊन, १०० अंशांना वाळवून पुन्हा वापरा आणि दर फेरीनंतर टायट्रेशन करा. आम्लता घटली असेल तर मणी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवा, पाणी उदासीन येईपर्यंत धुवा, वाळवा, परत मोजा. आकडा सावरला तर दोष सोडियमचा, म्हणजे शुद्धीकरण कमी पडलं. सावरला नाही तर सल्फोनिक गट गळाले किंवा छिद्रं बुजली, आणि मणी नवे घ्यावे लागतील.