कामावर ठेवताना : वयाची अट आणि गुप्त पगार

पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये (आयत २३ ते २८) एका नोकरभरतीचे वर्णन आले आहे. हजरत मूसा (अ.) इजिप्त सोडून मदयनला पोहोचले, तेव्हा तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. विहिरीवरील गर्दीमुळे मागे थांबलेल्या दोन भगिनींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. त्या भगिनींचे वडील अतिशय वृद्ध होते. त्यांनी मूसांना घरी बोलावले, तेव्हा एका मुलीने यांना कामावर ठेवावे असे सुचवले आणि कारणही सांगितले : चाकरीसाठी उत्तम तो, जो सामर्थ्यवान आणि विश्वासू आहे. वडिलांनी त्याच बैठकीत अटी मांडल्या. आठ वर्षे सेवा, दहा केली तर ती तुमची मर्जी. मोबदल्यात मुलीशी विवाह. आणि तुमच्यावर जाचक भार टाकणार नाही, असे आश्वासन. मूसांनी अटी मान्य केल्या व अल्लाहला साक्षी ठेवले.

या प्रसंगात भरतीचे दोन नियम आहेत. निवडीची कसोटी म्हणजे कामाचे सामर्थ्य व विश्वासूपणा. आणि मोबदला, मुदत व कामाचे स्वरूप काम सुरू होण्याआधीच उघड झाले पाहिजे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. लोणावळ्यातील हॉटेले, चिक्कीची दुकाने, पर्यटकांचे बंगले आणि तळेगावचे कारखाने यांवर मावळातील कितीतरी घरांची चूल पेटते. अशा कामांच्या जाहिरातींत दोन वाक्ये वारंवार दिसतात : ‘वय १८ ते ३०’ आणि ‘पगार समक्ष भेटीत’. पहिल्या वाक्याने चाळिशीतील माणूस दारातूनच परत फिरतो. दुसऱ्यामुळे आत गेलेला माणूस अंधारात सौदा करतो.

वयाची अट किती घरांना भिडते, हे तळेगावने जवळून पाहिले आहे. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले आणि हजाराहून अधिक कामगारांच्या रोजगारावर गदा आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. नव्या मालकाने आम्हाला सामावून घ्यावे, अशी मागणी जुन्या कामगारांनी लावून धरली. विशीत रुजू झालेला तरुण अशा वेळी पस्तिशीच्या घरात पोहोचलेला असतो. हाताला कसब असते, घरी शाळेत जाणारी मुले असतात. अशा माणसाने दुसरीकडे काम शोधायचे म्हटले, तर तिशीची अट त्याला काहीही न विचारता त्याचा निकाल लावते.

भारतीय राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत कोणत्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, हे सांगितले आहे. त्यात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आदी कारणे आहेत, वय नाही. अमेरिकेत चाळीस व त्यापुढील वयाच्या कामगारांना संरक्षण देणारा कायदा १९६७ मध्ये झाला. आपल्याकडे खाजगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. परंतु कायदा जिथे थांबतो, तिथे मोमिनाची जबाबदारी थांबत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उसामा (रजि.) यांना सेनापती नेमले, तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. काहींनी आक्षेप घेतला, प्रेषितांनी (स.) उसामा त्या पदास योग्य असल्याचे ठामपणे सांगितले. दुसरीकडे हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) वृद्धापकाळी कॉन्स्टँटिनोपलच्या मोहिमेवर गेले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. कोवळे वय अपात्र ठरले नाही आणि उतारवयही नाही. हजरत उमर (रजि.) यांनी एका वृद्ध ज्यू माणसाला भीक मागताना पाहिले. तारुण्यात ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही, असे सांगून त्यांनी बैतुलमालमधून त्याची तरतूद केली. हा प्रसंग इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदवला आहे.

कोणी म्हणेल, पोती उचलण्याच्या कामाला ताकद नको का? अवश्य हवी. मग पोते उचलून दाखवायला सांगावे. जन्मतारीख ताकद मोजत नाही.

आता पगाराविषयी. शरीअतमध्ये नोकरी हा ‘इजारा’ म्हणजे मोबदल्याचा करार आहे. काम आणि वेतन दोन्ही ज्ञात असणे ही त्याची अट आहे. हनफी फिकहनुसार वेतन अज्ञात राहिले तर करार ‘फासिद’ म्हणजे सदोष ठरतो आणि काम झाले असल्यास मालकाला ‘अज्र-ए-मिस्ल’, म्हणजे तशा कामाचा प्रचलित मोबदला, द्यावा लागतो. ‘आधी काम बघू, मग ठरवू’ ही बोली म्हणूनच टाळली पाहिजे.

आणखी एक हदीस येथे विचारात घेण्यासारखी आहे. बाहेरगावाहून माल आणणाऱ्या काफिल्याला बाजारात पोहोचण्यापूर्वीच वाटेत गाठून माल विकत घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. विक्रेत्याला बाजारभाव ठाऊक नसतो, हे त्यामागचे एक कारण विद्वानांनी सांगितले आहे. श्रम विकायला आलेला उमेदवार त्या काफिल्याहून वेगळा आहे का? मालकाला दर ठाऊक असतो, तो सांगत नाही. उलट ‘आधीचा पगार किती होता?’ असे विचारून त्यावर दोन-चार हजार चढवतो. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाद्वारे उमेदवाराला वेतनाची माहिती आधी देणे बंधनकारक केले आणि मागील पगार विचारण्यास मनाई केली. हा विचार आपल्याला परका वाटू नये.

या दोन्ही प्रथांचे मूळ एक आहे. ‘तरुण पोरगा कमी पैशांत राबतो, उलट बोलत नाही,’ असे म्हणणारा मालक खरे तर दर ठाऊक नसलेला माणूस शोधत असतो. वयाची अट लावून तो कामगाराला जाणून घेत नाही. पगार लपवून कामगाराला जाणू देत नाही. इजारा मात्र दोन्ही बाजूंच्या माहितीवर उभा आहे.

सुधारणेचा आरंभ मशिदीपासून व्हावा. इमाम, मुअज्जिन, मकतबचे शिक्षक नेमताना आपले ट्रस्टही वयाची अट घालतात आणि मानधनाचा आकडा सांगण्यास संकोचतात. उत्तरकालीन हनफी विद्वानांनी इमामत, अजान व कुरआन-शिक्षणाचे वेतन जायज ठरवले. मग इजाऱ्याचे नियमही तिथे लागू होतात. आकडा, सुटी व राहण्याची सोय कागदावर लिहून द्यावी. दुकानदाराने व बंगल्यासाठी राखणदार ठेवणाऱ्यानेही हेच करावे. घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवावा.

उमेदवारावरही जबाबदारी आहे. वय वा अनुभव खोटा सांगू नये आणि पगार विचारण्याची लाज बाळगू नये. तो विचारणे लोभ नव्हे, कराराची अट पूर्ण करणे आहे. रुजू झाल्यावर आपला पगार इतरांना सांगावा की नाही, ही ज्याची त्याची मर्जी. परंतु कराराआधी दर दडवण्याचा अधिकार त्यातून मालकाला मिळत नाही.

ज्याने मजुराकडून पुरते काम घेतले आणि मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, अशी ताकीद बुखारी शरीफमधील हदीसमध्ये आहे. मजुरी बुडवण्याची वाट बहुधा ती न ठरवण्यापासून सुरू होते. अल्लाह आपणास माणसाचे सामर्थ्य ओळखण्याची दृष्टी आणि व्यवहार उघड ठेवण्याचे धैर्य देवो. आमीन.