हायस्कुलात आईवडिलांचं काय काम?

प्रश्न : माझा मुलगा सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. आठवीपासून तो एस.टी.नं तालुक्याच्या हायस्कुलात जातो, यंदा नववीत आहे. गावच्या शाळेतल्या प्रत्येक सभेला मी जायचे, गुरुजीही घरी डोकावायचे. हायस्कुलातून मात्र आजवर दोनदाच बोलावणं आलं, एकदा तक्रारीसाठी आणि एकदा निकालाला. मी सातवी शिकलेली, बीजगणित मला येत नाही. मग आता शाळेत जाऊन मी काय करायचं? की पुढचं शिक्षक आणि क्लासवाले बघून घेतील?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन शंका आहेत. हायस्कुलाला पालक नको असतात का, कमी शिकलेल्या आईचा मोठ्या मुलाच्या अभ्यासाला उपयोग होतो का, आणि क्लास लावला की शाळेशी संबंध ठेवायची गरज उरते का. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून क्रमानं जाऊ.

बोलावणं कमी झालं याचं पहिलं कारण शाळेच्या रचनेत आहे. गावच्या शाळेत एकच गुरुजी दिवसभर वर्गावर असत. मुलगा डबा खातो की नाही इथपासून त्याचा भागाकार कुठे अडतो इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक असे. हायस्कुलात तास वाजला की शिक्षक बदलतात. गणिताचे सर दिवसभरात चार-पाच तुकड्यांना शिकवतात. इंग्रजीच्या बाईंना त्याचं इंग्रजी माहीत असतं, विज्ञानाच्या सरांना विज्ञान. अख्खा मुलगा कोणा एकाच्या नजरेत राहत नाही. वर्गशिक्षकांकडे हजेरी असते, पण त्यांचाही वर्गावर रोज एखाद-दुसराच तास असतो. तुमच्याबद्दल कुणाचं वाईट मत झालेलं नाही. मुलाची माहिती इतक्या जणांत वाटली गेली आहे की ती आपणहून तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गावच्या शाळेतल्या सभांमागे ही समिती होती. पण तो कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. म्हणून नववीत पालकांचं दार बंद होतं, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानानं सरकारी माध्यमिक शाळांसाठी अशाच समितीची अपेक्षा ठेवली होती, आणि ते अभियान २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत आलं. खासगी शाळांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे. त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक सदस्य असतात. तुमच्या हायस्कुलात नववीचा पालक सदस्य कोण आहे, हे कार्यालयात विचारा. विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता बीजगणित. ते येत नाही म्हणून आपला उपयोग नाही, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती ज्या घरांत असते त्याच घरातल्या मुलांना आधाराची जास्त गरज असते. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या वयाच्या आसपासच्या मुलांवर झालेले पन्नास अभ्यास एकत्र तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. पालकांनी गृहपाठात हात घालण्याचा यशाशी चांगला संबंध दिसला नाही. सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींचा : शिक्षण आपल्या घरात मोलाचं आहे हे मुलाला कळणं, त्याच्याकडून काय अपेक्षा आहे हे स्पष्ट असणं, आजच्या अभ्यासाची उद्याच्या इच्छेशी सांगड घालून देणं, पुढच्या योजनेवर त्याच्याशी बोलणं. यातल्या कशालाही बीजगणित लागत नाही. गृहपाठाला बसणारे आईवडील मुळात मूल मागे पडल्यावरच बसतात, हेही त्या उलट्या निकालामागचं एक कारण असू शकतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या वहीवर वाकून बसलं की तो चिडतो, हे सांगायला मात्र अभ्यासाची गरज नाही.

मग शाळेत जायचं कशासाठी? माहितीसाठी. घराला शाळा दिसत नाही, शाळेला घर दिसत नाही, आणि दोघांमधला निरोप्या असतो खुद्द मुलगा. या वयात त्यानं निरोपातलं थोडं गाळणं स्वाभाविक आहे. पीटर बर्गमन यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेत साधा प्रयोग केला. मुलाचं कोणतं काम राहिलंय, याचा नेमका संदेश पालकांच्या फोनवर पाठवायचा. हायस्कूलच्या वयाच्या मुलांचे गुण त्यानं सुधारले. आपल्या मुलाचं किती काम राहतं याचा पालकांचा अंदाज फार कमी होता, हेही त्यात दिसलं. पालक बेफिकीर नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं.

आपल्याकडे हीच अडचण कुठे बसते ते पाहा. दहावीला सहा विषयांचे सहाशे गुण असतात. प्रत्येक विषयात ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातचे : भाषेला तोंडी परीक्षा, विज्ञानाला प्रात्यक्षिक, बाकीच्यांना अंतर्गत मूल्यमापन. म्हणजे सहाशेपैकी १२० गुण लेखी पेपराआधीच ठरलेले असतात. त्याची सवय नववीत लागते. विज्ञानाची प्रयोगवही हे त्यातलं सगळ्यात नजरेला दिसणारं उदाहरण. उजव्या पानावर कृती, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती, खाली सरांची सही आणि तारीख. ती वही तुम्हाला वाचता आली नाही तरी चालेल. सह्या मोजता येतात. कोरं डावं पान ओळखू येतं. अनुक्रमणिकेत बारा प्रयोग आणि सह्या पाच, एवढं दिसलं की विचारायचा प्रश्न आपोआप मिळतो.

हजेरीचंही तसंच. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती लागते. मुलगा सकाळच्या एस.टी.नं निघाला, हे तुम्हाला दिसतं. गाडी उशिरा पोहोचल्यानं त्याचा पहिला तास रोज बुडतो, आणि तो पहिला तास भूमितीचा आहे, हे फक्त शाळेला दिसतं. उलट बाजूनं, फळछाटणीच्या दिवसांत तो अंधार पडेपर्यंत द्राक्षबागेत असतो हे तुम्हाला माहीत आहे. सरांना फक्त अपुरा गृहपाठ दिसतो, आणि ते त्याला आळशी समजतात. दोन्ही अर्धवट गोष्टी जुळल्या की उपाय दहा मिनिटांत निघतो. बाग आवरेपर्यंत आठवडाभर सवलत मिळेल, पहिल्या तासाचं शेजारच्या मुलाकडून उतरवून घेता येईल, किंवा एस.टी.च्या वेळेबद्दल मुख्याध्यापक आगाराला पत्र देतील. ही माहिती शाळेला देणं हे तुमचं काम आहे. तुमच्याशिवाय ती कुणाकडेच नाही.

यावरून क्लासचा प्रश्न सुटतो. क्लास धडा पक्का करून देईल, तो जरूर लावा. पण शाळेकडचे २० गुण, हजेरी, प्रयोगवही आणि कागदपत्रं क्लासच्या हातात नसतात.

कागदपत्रांबद्दल थोडं सांगतो, कारण इथे हमखास चूक होते. दहावीचा अर्ज शाळा भरते. मग बोर्डाकडून प्री-लिस्ट, म्हणजे तपासून घ्यायची यादी येते. तिच्यातलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख मुलानं घाईत पाहून सही केली की तेच पुढे गुणपत्रिकेवर छापलं जातं, आणि ते दुरुस्त करायला नंतर चपला झिजतात. म्हणून नववीतच शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि आधार कार्ड ताडून घ्या. आठवीत त्यानं एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्ती परीक्षा दिली असेल आणि निवड झाली असेल, तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. पण दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते राहून गेलं की हक्काचे पैसे अडकतात, आणि घरच्यांना वाटतं शिष्यवृत्ती बंद झाली.

जायचं कधी? निकालाच्या दिवशी नको. त्या दिवशी वर्गशिक्षकांसमोर रांग असते आणि तुमच्याजवळ राग. पहिली घटक चाचणी झाल्यावर आठवड्याभरात जा, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना, आदल्या दिवशी निरोप देऊन. ‘कसा आहे हो अभ्यास?’ असं विचारलंत तर ‘बरा आहे, लक्ष द्या’ एवढंच ऐकून परत याल. त्याऐवजी विचारा : कोणत्या विषयात तो अडतोय? कोणतं काम द्यायचं राहिलंय? महिनाभरात किती दिवस गैरहजर होता? घरी मी नेमकं काय पाहू? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. चांगला शिक्षक त्यावर थांबून विचार करतो.

आता शाळेच्या वाट्याचंही बोललं पाहिजे. सारी जबाबदारी आईवर टाकून शाळा मोकळी होऊ शकत नाही. पालकसभा भर दिवसा अकराला ठेवली तर मजुरीवर जाणारी बाई एका दिवसाची हजेरी बुडवून येणार कशी? ती बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवावी. सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवणं बंद करावं. ज्या आईचा त्या दिवशी पाणउतारा झाला ती पुन्हा येत नाही, आणि मग ‘पालक येतच नाहीत’ म्हणायला शाळा मोकळी. शाळेनं घरी केलेला पहिला फोन तक्रारीचा नसावा, असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये ‘तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, मी अमुक’ एवढं वर्गशिक्षकांनी सांगितलं असेल, तर ऑगस्टमधली तक्रारही घर नीट ऐकून घेतं.

शाळा आणि घर जोडलेलं असावं, हे नवं मागणं नाही. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती गावोगावच्या लोकांनी दिलेल्या धान्यावर, जागेवर आणि श्रमांवर वाढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी तुमच्या-माझ्या मुलुखातली हायस्कुलं उभी केली. सातवी शिकलेल्या बाईनं त्यांच्या फाटकातून आत जायला संकोचायचं कारण नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. मी शाळेत येतो म्हटलं की ती रडकुंडीला येते, ‘बाबा, येऊ नका’ म्हणते. काही लपवतेय का?
– एक वडील, डोंबिवली

उत्तर : बहुधा नाही. या वयात मैत्रिणींसमोर आईवडील दिसणं हेच संकट वाटतं. तिला न सांगता मात्र जाऊ नका. कुठल्या दिवशी, कोणाला भेटणार आणि काय विचारणार, हे तिला आधी सांगा. शिक्षकांना विचारून जमलं तर तिलाही त्या भेटीला बसवा. तिच्यासमोर जे बोलता येणार नाही, ते तिच्या पाठीमागेही शक्यतो बोलू नका. घरी परतल्यावर पहिलं वाक्य शिक्षकांनी केलेल्या कौतुकाचं सांगा, राहिलेल्या कामाचं नंतर. मात्र एवढं सगळं करूनही ती घाबरलेलीच दिसली, शाळेत जायलाच टाळू लागली, तर तो लाजेचा प्रश्न नाही. मग घरी शांतपणे विचारा, आणि त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा.