बर्फ वितळतं, नदी फुगते आणि गळ थांबतो

इयत्ता : ७ वी ते ९ वी | विषय : भूगोल, विज्ञान



"नदीला पूर कधी येतो?" असं वर्गात विचारा. मुलं एका सुरात सांगतील, "पावसाळ्यात!" गोदावरी, कृष्णा पाहणाऱ्या मुलांचं हे उत्तर बरोबरच आहे. पण आकाश निरभ्र असतानाही नदी दुथडी भरून वाहू शकते. हे समजावायला अमेरिकेतली यलोस्टोन नदी घेऊया.

ही नदी वायोमिंगच्या डोंगरांत उगम पावते आणि मोंटाना राज्यातून सुमारे १,१०० किलोमीटर वाहत जाऊन मिसुरी नदीला मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर पाणी साठवणारं मोठं धरण नाही. मग साठा कुठे? डोंगरावरच्या बर्फात! हिवाळ्यात पडलेलं बर्फ म्हणजे तिची पाण्याची टाकीच.

इथे लोक ट्राउट मासे पकडायला येतात, तेही फ्लाय फिशिंग करून. म्हणजे गळाला गांडूळ लावायचं नाही; पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी लावायची. मासा तिला खरा किडा समजून झेपावतो. त्यासाठी ती त्याला दिसायला तर हवी ना!

आता नदीचं वेळापत्रक पाहा.

मे अखेर ते जून : ऊन वाढतं, बर्फ झपाट्याने वितळतं. पाणी गढूळ आणि वेगवान होतं. माशाला माशी दिसत नाही आणि माणसाला पाण्यात उभं राहणं धोक्याचं. गळ बंद.

जून अखेर ते जुलै : पूर ओसरतो, पाणी निवळतं. याच सुमारास मोठे पंखवाले किडे पाण्यातून बाहेर येतात. मासे आणि मासेमार, दोघांचीही चंगळ!

ऑगस्ट : पाणी उतरतं आणि तापतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, कोमट पाण्यात कमी. म्हणून ट्राउटची दमछाक होते. पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, तर मोंटानात दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवता येते.

बर्फ कमी पडलं किंवा लवकर वितळलं, तर ऑगस्टची ही अवस्था आणखी बिकट होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी कमी आणि कोमट असताना एका परजीवीमुळे हजारो मासे मेले. नदीचा १८३ मैलांचा, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरचा पट्टा बंद करावा लागला. मासेमारीच नव्हे, नौकाविहारसुद्धा! पर्यटनावर पोट असलेल्यांना ऐन हंगामात घरी बसावं लागलं. उलट जून २०२२ मध्ये बर्फ वितळत असतानाच जोराचा पाऊस झाला आणि महापुराने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले रस्ते वाहून गेले. थोडक्यात, बर्फ किती आहे याइतकंच ते कधी आणि किती वेगाने वितळतं हेही महत्त्वाचं.

वर्गात करून पाहा : दोन ताटल्यांत सारखाच बर्फ ठेवा, एक उन्हात, एक सावलीत. दर पाच मिनिटांनी वितळलेलं पाणी मोजून आलेख काढा. उन्हातला आलेख उंच आणि आखूड, सावलीतला बुटका आणि लांब येईल.

मग विचारा : ट्राउटला यातली कोणती नदी आवडेल, आणि का? पालकांनी हाच प्रश्न घरी जेवताना विचारावा. उत्तरासोबत कारणही सांगितलं, तर धडा समजला म्हणायचं.